पेव, गोदाम आणि पासबुक

अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात एक पेव होते. आता ते बुजवून त्यावर फरशी घातली आहे. घरातल्या मुलांना 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतो, पण पेव म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते. पांढरीच्या चिवट मातीत तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असा खोल खड्डा खणायचा, आतून कडब्याचा आणि भुसाचा थर द्यायचा, लिंबाचा पाला टाकायचा, ज्वारी भरायची आणि तोंडावर दगड ठेवून वरून मातीने लिंपून टाकायचे. अशी ठेवलेली ज्वारी वर्ष-दोन वर्षे टिकत असे. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. कोंदलेली हवा बाहेर जाऊ द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला नाही तरच माणूस आत उतरायचा. आजी म्हणायची, "पेवात ज्वारी हाय तवर घराला घरपण हाय."

हे पेव आज आठवण्याचे कारण घरगुतीच आहे. मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा आईने कपाटातून दोन गोष्टी काढून माझ्यापुढे ठेवल्या. एक केशरी रेशनकार्ड आणि दुसरे बँकेचे पासबुक. "पहिल्यांदा दुकानात गहू-तांदूळ मिळायचा. आता म्हणे पैसे खात्यात येतात. कधी आले, किती आले, ते बघून सांग," असे तिचे म्हणणे होते. पासबुक चाळताना माझ्या मनात आले की हे पेव, शासनाचे गोदाम आणि हे पासबुक या तीन वस्तूंमध्ये आपल्या भागातल्या अन्नाचा शंभर वर्षांचा इतिहास मावतो. तो इतिहास आपण विसरत चाललो आहोत, आणि तो विसरणे आपल्याला परवडणारे नाही.

आधी पेवाविषयी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पेव सगळ्यांचे नव्हते. गावातल्या मोजक्या शेतकरी घरांतच ते असे. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांच्याकडे पेव कुठून येणार? आषाढ-श्रावणात घरातले दाणे संपले की ती माणसे पेववाल्यांच्या दारी येत. सवाईने किंवा दिढीने ज्वारी नेत. म्हणजे पावसाळ्यात एक पायली नेली तर सुगीला सव्वा किंवा दीड पायली आणून घालायची. सालगड्याचे सालही ज्वारीच्या पोत्यांत ठरायचे. पेवाने उपासमार टळत असेल, पण ती कोणाच्या तरी मर्जीने टळत होती. जुन्या गावगाड्याचे गोडवे गाताना ही बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. दुष्काळ लागोपाठ दोन-तीन वर्षे राहिला तर तो पेवही रिकामे करी आणि पेववाल्याची मर्जीही. १८९९-१९०० च्या दुष्काळात मराठवाड्याने हे भोगले.

त्या वेळी आपण निजामाच्या राज्यात होतो. शेजारच्या इंग्रजी मुलखात १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या होत्या. पीक बुडाले की सरकारने कामे काढावीत, धडधाकट माणसाला मजुरी द्यावी, म्हाताऱ्या-अपंगांना फुकट शिधा द्यावा, असे त्यांत लिहिलेले होते. पण ही मेहरबानी होती. रयतेला ती मागता येत नव्हती. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा तिथे दुष्काळ रीतसर जाहीरसुद्धा झाला नव्हता. संहिता कपाटात होती आणि माणसे रस्त्यावर मरत होती.

त्याच महायुद्धाच्या काळात हैदराबाद संस्थानात शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य गोळा केले जाई. आमच्याकडची म्हातारी माणसे अजून त्याला 'लेव्ही' असेच म्हणतात. धान्याचा साठा सरकारने करावा, ही कल्पना मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पहिल्यांदा भेटली ती अशी, खळ्यावर शिपाई घेऊन आलेली. मोठ्या देशमुखांचे धान्य झाकले जाई आणि लहान शेतकऱ्याचे बियाणेही मोजून नेले जाई, अशी तक्रार होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामात लेव्हीविरोध हा लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय झाला तो उगाच नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. झेंडे बदलले, तरी 'सरकार धान्य मागायला येते, द्यायला येत नाही' ही समजूत बरीच वर्षे टिकली.

ती पुसण्याचे काम पुढच्या पंधरा वर्षांत झाले, पण सरळ रेषेत नव्हे. १९५६ पासून पीएल-४८० करारान्वये अमेरिकेचा गहू येऊ लागला. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस फसला, तेव्हा देश जवळजवळ जहाजाच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्री जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि लोकांनी ते पाळले. आमच्या घरी आजीचा सोमवार आधीच होता, त्यामुळे तिला त्यात नवल वाटले नसावे. मात्र उपास करून देश चालत नाही, हे राज्यकर्त्यांना कळले होते. जानेवारी १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ उभे राहिले, शेतीमालाच्या भावांसाठी आयोग आला. त्याआधी वर्षभर, १९६४ साली, सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी शेतकऱ्यांच्या हाती पडली होती. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, असे मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुण्यात शनिवारवाड्यासमोर म्हणाल्याचे जुने लोक अजून सांगतात. मराठवाड्यात 'हायब्रीड' आली ती या इरेने. तिचे उत्पन्न भरघोस होते, पण काढणीच्या वेळी पाऊस लागला की कणीस काळे पडे आणि भाकरीला शाळूची चव नसे. आमच्या भागात मुलगा वांड निघाला तरी लोक म्हणत, "हायब्रीड खाल्लेला दिसतोय!"

आणि मग बाहत्तर आले.

१९७० पासून पाऊस हात आखडता घेत होता. १९७२ साली तो जवळजवळ आलाच नाही. राज्याचे धान्योत्पादन नेहमीच्या सुमारे निम्म्यावर आले. लातूर तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. आमचे पेव तिसऱ्या वर्षी तळाला लागले आणि ज्या घराने कधी कोणाच्या बांधावर मजुरी केली नव्हती, त्या घरातल्या बायका खडी फोडायला गेल्या. आई त्यांतली एक. डोक्यावर पदर, हातात हातोडी आणि शेजारी, काल-परवापर्यंत आमच्याच पेवातून दिढीने ज्वारी नेणाऱ्या घरची बाई. दोघींची मजुरी सारखीच. आई सांगते, पहिल्या दिवशी तिला लाज वाटली आणि चौथ्या दिवशी त्या बाईनेच तिला हाताला चिंधी कशी बांधायची ते शिकवले. कामावर लेकरांना सुकडी मिळायची. रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची आणि गिळताना घशात अडकायची. त्या मिलोला नावे ठेवत ठेवत आमची पिढी जगली, हे मात्र विसरता येत नाही.

मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. जगात एवढ्या प्रमाणावर असे काम त्यापूर्वी क्वचितच निघाले असेल. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते यांतले बरेच काही अजून दिसते. सगळेच आलबेल होते असे नाही. मजुरी उशिरा होई, हजेरीपटात गडबडी होत, अर्धवट रस्ते खडीच्या ढिगाऱ्यांसह तसेच पडून राहत. तरीही त्या वर्षी महाराष्ट्रात बंगालसारखे मृत्यूचे थैमान झाले नाही.

याचे मोल कळण्यासाठी जरा बाहेर पाहावे लागते. अगदी त्याच वर्षांत आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात दुष्काळ पडला होता. तिथे माणसे आणि गुरे मोठ्या संख्येने मेली. इथिओपियाच्या वोलो प्रांतात १९७३ साली उपासमार झाली, तेव्हा सम्राट हैले सेलासी यांच्या सरकारने ती बाहेर कळू नये याचीच काळजी अधिक घेतली. पुढच्याच वर्षी त्यांची गादी गेली. याउलट १९६६ साली स्वतंत्र झालेल्या बोट्सवाना या छोट्या देशाने १९८२ ते १९८७ या सलग दुष्काळात लोकांना कामे दिली, मुलांना आणि गरोदर बायकांना शिधा पोहोचवला आणि उपासमार टाळली. बोट्सवाना काही धान्याचे कोठार नव्हते. पण तिथे निवडणुका होत होत्या आणि सरकारला जाब द्यावा लागत होता. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञांनी या उदाहरणांचा अभ्यास करताना महाराष्ट्राचा १९७०-७३ चा दुष्काळ मुद्दाम घेतला आहे. त्यांचे सांगणे थोडक्यात असे, की माणसे धान्य नसल्यामुळेच मरतात असे नाही. धान्य विकत घेण्याची ऐपत गेल्यामुळे मरतात, आणि त्यांचे मरण कोणाच्या खुर्चीला धक्का देत नसेल तर अधिकच मरतात.

महाराष्ट्रात खुर्चीला धक्का बसत होता. विधिमंडळात रोज प्रश्न विचारले जात होते, कामावरचे मजूर तहसीलवर मोर्चे नेत होते, वर्तमानपत्रे खेड्यापाड्यांतून बातम्या आणत होती. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. अन्नसुरक्षा नावाची गोष्ट कृषी खात्याच्या फायलीत जेवढी असते, तेवढीच ती या गोंगाटातही असते.

या गोंगाटातूनच महाराष्ट्राने देशाला एक देणगी दिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव भागात १९६५ साली केलेल्या छोट्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना पुढे आली होती. दुष्काळाने तिला बळ दिले. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत काम, नाही दिले तर भत्ता. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. वाचकांपैकी जे नोकरीत आहेत त्यांनी आपले पगारपत्रक काढून पाहावे. त्यात 'व्यवसाय कर' म्हणून जी कपात असते तिचा जन्म बाहत्तरच्या दुष्काळात आहे. मुंबई-पुण्याच्या पगारदाराने औसा-मुखेडच्या मजुराच्या भाकरीची जबाबदारी घ्यावी, असे या राज्याने कायद्याने ठरवले. संहितेतली मेहरबानी इथे हक्क झाली, आणि माझ्या मते आपल्या राज्याने पन्नास-साठ वर्षांत केलेले हे सर्वात मोठे काम आहे.

हीच कल्पना पुढे २००५ साली केंद्राच्या कायद्यात आली. फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या टप्प्यात देशातले जे दोनशे जिल्हे निवडले गेले, त्यांत नांदेड होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात शंभराऐवजी १२५ दिवसांच्या कामाची तरतूद आहे. दिवस वाढले याचा आनंदच आहे. पण हमी दिवसांच्या आकड्यात नसते. काम मागायला गेलेल्या बाईला 'निधी नाही' हे उत्तर देता येते की नाही, यावर ती ठरते.

धान्याच्या बाजूचाही प्रवास असाच झाला. १९९७ पासून रेशन सरसकट सगळ्यांना न राहता गरिबांपुरते ठरू लागले, राज्यात पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आली. त्या दिवसापासून गावातली अर्धी भांडणे कार्डाच्या रंगावरून होऊ लागली. २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला, तो महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. राज्यातल्या सुमारे सात कोटी माणसांना माणशी पाच किलो धान्याचा हक्क मिळाला आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. या कायद्यात न बसणाऱ्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांसाठी २०१५ साली राज्याने आणखी एक पाऊल टाकले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या चौदा जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्याचे आठही जिल्हे आणि विदर्भातले सहा, त्यांनाही माणशी पाच किलो धान्य दोन-तीन रुपये दराने मिळू लागले. नांदेड आणि लातूर अर्थातच त्यांत होते. माझ्या आईचे केशरी कार्ड या योजनेतले.

तेव्हा आलेले २०१६ साल आठवा. लातूरला पाणी नव्हते. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे आदेश निघाले होते. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली आणि सगळ्या जगाने ते चित्र पाहिले. त्या उन्हाळ्यात लोकांनी पाण्यासाठी रात्र-रात्र जागून काढली, पण ज्वारीसाठी कोणाला दिढीने दार ठोठवावे लागले नाही. बाहत्तर आणि सोळा यांच्यातला हा फरक गोदामाने घडवला. गोदामाची बातमी होत नाही, कारण न घडलेल्या उपासमारीचे छायाचित्र काढता येत नाही.

म्हणूनच पुढचे पाऊल मला खटकते. केंद्राकडून या चौदा जिल्ह्यांच्या योजनेसाठी गहू-तांदूळ मिळेनासा झाला, आणि २०२३ साली राज्याने धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये बँक खात्यात देण्याचे ठरवले. २०२४ मध्ये ती रक्कम १७० करण्यात आली. रोख रकमेच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, हे मी मान्य करतो. दुकानदाराचा मापात मारलेला हात वाचतो, किडका तांदूळ घ्यावा लागत नाही, ज्याला ज्वारी हवी तो ज्वारी घेईल. यंत्रावर अंगठा न उमटल्यामुळे रिकामी पिशवी घेऊन परतणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही ते बरे. खडी फोडून आणि कापूस वेचून झिजलेल्या बोटांच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत, हे आईच्या बाबतीत मी स्वतः पाहिले आहे.

पण साधा हिशेब करू. १७० रुपयांत पाच किलो म्हणजे किलोला ३४ रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेला संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३६९९ रुपये आहे, म्हणजे किलोला जवळजवळ ३७. शेतकऱ्याच्या खळ्यावर किमान मिळाला पाहिजे म्हणून जो भाव सरकारच सांगते, त्या भावानेही १७० रुपयांत पाच किलो ज्वारी येत नाही. वाहतूक, अडत, किराणा दुकानदाराचा नफा पुढेच राहिला. पाच किलो धान्य महागाईत पाच किलोच राहते. १७० रुपये मात्र दर महागाईला वितळतात आणि ते वाढवून घेण्यासाठी दर वेळी कोणीतरी मोर्चा काढावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, आता मराठवाड्यात उपाशी कोण आहे? शेतकऱ्याने सोयाबीन विकावे आणि हवे ते विकत घ्यावे. हाच तर मुद्दा आहे. लातूर-नांदेडच्या शिवारात आज खरिपाची ज्वारी शोधावी लागते. जिकडे तिकडे सोयाबीन. लातूरच्या आडतीवर सोयाबीन आणि तुरीचे ढीग लागतात आणि ते पिकवणारा शेतकरी परतताना ज्वारीचे पीठ विकत नेतो. सोयाबीन काही पेवात ठेवून खाता येत नाही. त्याचा भाव पडला, जसा २०२४ च्या सुगीत हमीभावाच्या ४८९२ रुपयांखाली पडला, की शेतकऱ्याची भाकरीही पडते. बाहत्तरमध्ये पाऊस गेला म्हणून ऐपत गेली. आता पाऊस चांगला होऊनही ती जाऊ शकते. अशा वेळी हातात धान्य असणे आणि खात्यात वितळणारी रक्कम असणे यांत फार अंतर आहे.

माझे म्हणणे पेवाकडे परत जावे असे मुळीच नाही. आईच्या शेजारी बसून खडी फोडणाऱ्या बाईला त्या पेवाने काय दिले होते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणणे एवढेच, की गोदाम सोडायचे असेल तर गोदामाने दिलेला हक्क सोडू नये. रोख द्यायची तर ती ज्वारीच्या किंवा गव्हाच्या भावाशी बांधलेली असावी आणि भाव वाढला की आपोआप वाढावी. त्याहून चांगले म्हणजे अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्य देण्याची जी सोय आहे ती मराठवाड्यात अधूनमधून नव्हे, तर नेमाने वापरावी. इथलीच ज्वारी हमीभावाने घ्यावी आणि इथल्याच रेशन दुकानात द्यावी. सोयाबीनच्या रानात ज्वारीचे चार तास तरी परत दिसतील, गुरांना कडबा मिळेल आणि आईसारखीच्या ताटात तिची भाकरी येईल. मिलो खाऊन दिवस काढलेल्या पिढीचे हे मागणे फार मोठे नाही.

आईच्या पासबुकात त्या दिवशी दोन महिन्यांची नोंद एकदम होती आणि त्याआधीच्या काही महिन्यांची नव्हतीच. मी तिला तसे सांगितले. तिने पासबुक मिटून कार्डात ठेवले आणि विचारले, "मग ह्याचं विचारायचं कुणाला? पूर्वी दुकानदाराशी भांडता तरी येत होतं."

मला उत्तर देता आले नाही. पुढच्या वेळी मंत्रालयात एखादी योजना बदलताना त्यांनी आमच्या आजीचा नेम पाळावा, एवढेच सुचते. आधी कंदील सोडून पाहावा. तो विझला नाही, तरच माणसाला खाली उतरवावे.